डीजेसाठी निवड समिती

लग्नाला डीजे ठरवायचा तर माणूस काय करतो? ओळखीत विचारतो, दोन फोन लावतो, तारीख सांगतो आणि मोकळा होतो. दत्तात्रय टिपणीसांनी निवड समिती नेमली.

आता यात दोष काढायचाच तर तो तीस वर्षांच्या सवयीचा काढायला हवा. टिपणीस एका सरकारी कंपनीच्या कोलकात्यातल्या ऑफिसात कार्मिक विभागात होते. माणसं निवडणं हाच त्यांचा धंदा. शिपायापासून इंजिनियरपर्यंत शेकडो उमेदवार त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून घामाघूम झाले होते. बदली तीन वर्षांची म्हणून इकडे आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. एकुलती एक मुलगी नूपुर इथेच जन्मली, इथेच शिकली, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत लागली आणि तिथेच समोरच्या टेबलावरच्या अर्णव बागचीशी तिचं जमलं. मुलगा गुणी, घर हावड्यातलं, माणसं मोकळी. नाव ठेवायला जागा नव्हती. टिपणीसांनी तरी दोन दिवस ती शोधून पाहिली.

खरी गोम वेगळीच होती. नूपुर मराठी बोलायची नाही. समजायचं सगळं, त्यात काही कमी नाही. पण आईनं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची, बाबांनी मराठीत रागावलं की इंग्रजीत भांडायची, आणि मैत्रिणीचा फोन आला की बंगालीत अशी खळखळून हसायची की टिपणीस हातातला पेपर खाली ठेवून ऐकत बसायचे. लहानपणी बोलायची हो. मग शाळा आली, मैत्रिणी आल्या, आणि बोलणं कधी बंद पडलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टिपणीस तेव्हा दुसऱ्यांच्या मुलांच्या मुलाखती घेण्यात गुंतलेले.

आता ती नदीपलीकडे नांदायला जाणार. तिथे तर मराठीचा वारासुद्धा नाही. पाहुण्यांच्या यादीत दोनशे साठ नावं होती, त्यांत मराठी बेचाळीस, आणि त्या बेचाळिसांतही चौघांचे गुडघे धरलेले. या अख्ख्या लग्नात पोरीच्या तोंडून एक मराठी वाक्य कानावर पडणार नाही, आणि इथून पुढे कधीच पडणार नाही, ही टिपणीसांची भीती होती. पण हे सांगायचं कुणाला? उषाताईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. माणूस पडला कार्मिक विभागातला. भीतीची त्यांनी सरळ फाइल उघडली. मराठी गाणी लागली तर पोरगी नाचेल, नाचता नाचता गुणगुणेल, गुणगुणली तर बोलेल. म्हणजे सगळी मदार डीजेवर. म्हणजे डीजे नीट पारखून घेतला पाहिजे.

समितीत अध्यक्ष ते स्वतः, महिला प्रतिनिधी उषाताई, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून श्यामराव. हे श्यामराव बँकेतून निवृत्त झालेले आणि इथल्या मराठी मंडळाचे कायमचे कार्यवाह. संगीताशी त्यांचा संबंध एवढाच की मंडळाच्या माइकच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. टिपणीसांनी शंभर गुणांचा तक्ता आखला. शिष्टाचार वीस, पोशाख दहा, अनुभव वीस, सामान्य ज्ञान पंधरा, मराठी संगीताची जाण पंचवीस, मिळूनमिसळून काम करण्याची वृत्ती दहा. उषाताईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि लोक नाचतात की नाही याचे गुण कुठे धरलेत म्हणून विचारलं. ते अनुभवात आलं, असं अध्यक्षांनी सांगितलं.

रविवारी सकाळी अकराला मुलाखती सुरू झाल्या. जेवणाचं टेबल आडवं लावलं होतं, मागे तीन खुर्च्या, पुढे एक. उमेदवारांना बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसवलं होतं.

पहिला उमेदवार सियालदहकडचा. बापजाद्यांचा ब्रास बँड, आता त्याच दुकानावर डीजेची पाटी. गडी उत्साहानं नुसता उकळत होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी त्यानं पिशवीतून धुराचं यंत्र काढलं आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत सुरूही केलं. मिनिटभरात बैठकीच्या खोलीत आपलाच हात आपल्याला दिसेना. श्यामराव खुर्चीत आहेत की गेले, हे त्यांच्या खोकल्यावरून ओळखावं लागत होतं. खालचा दरवान वाळूची बादली घेऊन चार जिने धावत आला, त्याची समजूत घालण्यात पंधरा मिनिटं गेली. उमेदवाराला पोशाखाचे गुण देता आले नाहीत, कारण पोशाख कुणाला दिसलाच नव्हता.

दुसरा न्यू टाउनचा रिकी. अंगात निळा कोट, हातात लॅपटॉप, तोंडात साखर. आत येताच उषाताईंच्या पाया पडला. मोठमोठ्या कंपन्यांच्या समारंभांचे फोटो त्यानं एकेक करून दाखवले. मराठी गाणी येतात का? हो सर. यादी दिली तर यादीप्रमाणेच लावाल? अगदी सर. घड्याळ लावून? नक्की सर. श्यामरावांनी त्याला महाराष्ट्राची उपराजधानी कोणती ते विचारलं, त्यानं नागपूर सांगितलं, आणि श्यामरावांचे डोळे भरून यायचे तेवढे बाकी राहिले. रिकीला एकोणनव्वद पडले.

तिसरी होती मौ. हावड्याची, तिशीच्या आसपासची, साधा कुर्ता, बोटांवर डाख देताना भाजल्याचे डाग. बंगालीत काकाला काकू म्हणतात, तशी तिनं टिपणीसांना काकू म्हणून हाक मारली. सव्वीस वर्षांत ते अंगवळणी पडलेलं, पण श्यामरावांना अजून दर वेळी हसू फुटायचं. अध्यक्षांनी स्वतःबद्दल सांगा म्हटलं, तर बाईनं उलट विचारलं, आधी तुम्ही सांगा, येणार कोण कोण आहे? खुर्चीत बसायचं सोडून ती भिंतीवरचे फोटो बघत हिंडली. यादी समोर ठेवली तर हातसुद्धा लावला नाही. यादी मी घेत नाही म्हणाली, मी फक्त तीन गोष्टी विचारते. टिपणीस म्हणाले, प्रश्न समिती विचारते. त्यावर ती छान हसली, चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेली.

तिला एकतीस गुण पडले. खरं म्हणजे उषाताईंनी तिला सत्तर दिले होते, पण दोघा पुरुषांनी सरासरीत तिला खाली ओढली.

निवड झाली रिकीची. लग्नाआधी महिनाभर साखरपुडा होता, मंडळाच्या छोट्या सभागृहात, दोन्हीकडची मिळून सत्तर माणसं. त्यात रिकीला अजमावून बघायचं ठरलं. टिपणीस आठ दिवस यादीला बसले. एकेचाळीस गाणी, प्रत्येकापुढे वेळ. सात वीस ते सात चोवीस, सात चोवीस ते सात एकोणतीस. सगळी निवडक, सगळी सुरेल, टिपणीसांच्या कॉलेजच्या दिवसांपासून जपलेली भावगीतं. एवढी हळवी गाणी एका दमात ऐकली तर घोडासुद्धा हुंदके देईल, पण हे त्यांना कोण सांगणार?

रिकीनं दिलेला शब्द पाळला. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. आणि झालं असं की पहिल्या गाण्याला बागचींकडची मंडळी बोलायची थांबली. दुसऱ्याला त्यांनी खुर्च्या सरळ करून मंचाकडे तोंडं केली. तिसऱ्यापासून माना डोलायला लागल्या, अर्णवच्या एका काकांनी डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावर सगळ्यांनी अदबीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मराठी लोकांत साखरपुड्याला मैफल ठेवायची पद्धत असावी. मराठी मंडळी तर बोलूनचालून बसून ऐकणारी. तीन तास पाहुणे सभागृहात जागचे हलले नाहीत. मधली मोकळी जागा तशीच चकचकीत राहिली, तिथे फक्त रिकीचा लाल-निळा दिवा गोल गोल फिरत होता. एक बागची आजोबा निघताना टिपणीसांचे दोन्ही हात धरून म्हणाले की इतकी शांत संध्याकाळ कित्येक वर्षांत गेली नव्हती.

नूपुर सुरुवातीला दोन गाणी उभी राहिली. मग फोन बघितला. मग बाबांपाशी येऊन इंग्रजीत, इट्स व्हेरी नाइस बाबा, म्हणाली, आणि मैत्रिणींबरोबर फाटकाबाहेर फुचका, म्हणजे इकडची पाणीपुरी, खायला गेली. टिपणीस मागोमाग फाटकापर्यंत गेले. रस्त्याच्या दिव्याखाली ती तोंडात मावणार नाही एवढा फुचका कोंबून, अर्णवच्या आईच्या खांद्यावर हात ठेवून बंगालीत काहीतरी सांगत होती आणि दोघी पोट धरधरून हसत होत्या. टिपणीसांना वाईट वाटलं. सासू-सुनेचं जमतंय म्हणून वाईट वाटणारा बाप म्हणजे कमालच, हे त्यांना कळत होतं, तरी वाईट वाटलं. आपल्याशी ही शेवटची अशी कधी हसली होती, ते त्यांना आठवेना.

घरी आल्यावर त्यांनी यादी पुन्हा बाहेर काढली, गाणी बदलायला. उषाताई कानातल्या कुड्या उतरवत होत्या. नवऱ्यानं काही सांगितलं नव्हतं म्हणून त्यांना काही कळत नव्हतं, असं थोडंच होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तिला ऐकवायचंय की तिचं ऐकायचंय, ते एकदा ठरवा."

टिपणीसांनी यादीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून त्यांनी हावड्याची लाँच पकडली. रिकीला त्यांनी आधीच फोन करून, चाचरत, आता तुमची गरज नाही असं सांगितलं होतं. रिकी नक्की सर म्हणाला. तो बिचारा कशालाच नाही म्हणत नसे.

मौची खोली एका लेथ कारखान्याच्या वर होती. खाली लोखंड कातलं जात होतं, वर तिच्या भिंतीला पेटाऱ्यांच्या थप्प्या, आणि ती जमिनीवर मांडी ठोकून एका स्पीकरची वायर जोडत होती. टिपणीस दारात उभे राहिले. एकतीस गुणांच्या उमेदवाराकडे अध्यक्ष स्वतः चालत आल्याचं त्यांच्या नोकरीत हे पहिलंच उदाहरण होतं. तिनं मात्र काही टोमणा मारला नाही. स्टूल पुसून पुढे केलं आणि बसा काकू म्हणाली.

मग तिनं तिच्या तीन गोष्टी विचारल्या. कुठलं गाणं अजिबात लावायचं नाही? याचं उत्तर टिपणीसांकडे तयार होतं, ते दहा मिनिटं पुरलं. तुमच्यातलं पहिलं कोण उठेल? टिपणीसांनी बेचाळीस माणसं एकेक करून नजरेसमोर आणली आणि कुणीच नाही म्हणून सांगितलं. मुलगी एकटी असताना काय गुणगुणते?

खाली लेथ थांबला, पुन्हा सुरू झाला. मुलगी न्हाणीघरात काहीतरी गुणगुणते, हे त्यांना माहीत होतं, पण ते काय असतं? पंचवीस वर्षं एका घरात राहून दारापलीकडचं गाणं कुठलं ते सांगता येऊ नये? हा प्रश्न त्यांनी उमेदवाराला विचारला असता आणि तो असा बसून राहिला असता, तर त्यांनी त्याला शून्य दिलं असतं.

मौनं वायर खाली ठेवली. तिचं बोलणं सगळं बंगालीत, आणि आवाज आता खालच्या पट्टीत. "काकू, तुम्हाला नक्की काय हवंय? लोकांना काय दाखवायचंय ते नका सांगू. तुम्हाला काय हवंय?"

आणि जे बायकोला सांगितलं नव्हतं ते टिपणीसांनी या परक्या मुलीला, परक्या भाषेत सांगितलं. "मला तिच्या तोंडून मराठी ऐकायचंय. एकदा. मग ती तुमच्याकडचीच."

मौनं खाली ठेवलेली वायर बाजूला सारली. मग तिनं सरळ सांगून टाकलं की हे तिच्या यंत्रात नाही. गाणी आहेत, मराठीही मिळतील, पण त्यात दुसरीच बाई गाईल, तुमची मुलगी नाही. तिचं ऐकायचं तर यंत्र बंद करावं लागेल. बरोबर साडेआठला, लोक नाचून रंगात आले की, ती दहा मिनिटं सगळं बंद ठेवील. गाणं नाही, माइक नाही, काही नाही. आवाज थांबला की माणसं आपल्याजवळचं काहीतरी काढतात, एवढं तिनं बारा वर्षांत पाहिलं होतं. काय काढतील ते मात्र ती सांगू शकत नव्हती.

टिपणीसांचं डोकंच चालेना. डीजे बोलवायचा आणि त्याला गप्प बसवायचा? दहा मिनिटं? कुणी काहीच केलं नाही तर? तर दहा मिनिटं शांतता, मौ म्हणाली. शिवाय तिच्या अटी होत्या. मुलीला आधी काही सांगायचं नाही. भाषण करायचं नाही, दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही. आणि काही झालं तरी तिच्या टेबलाकडे फिरकायचं नाही. टिपणीसांनी हे सगळं लेखी मागितलं. तिनं एका जुन्या पुठ्ठ्यावर लिहिलं आणि सही त्यांचीच घेतली.

लग्न दोन्ही पद्धतींनी लागलं. त्यात भटजींची आणि पुरोहितांची मुहूर्तावरून जी काही जुंपली ती सांगायला बसलो तर दुसरी गोष्ट होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वागतसमारंभ. भाड्याचं मोठं सभागृह, दोनशे साठ माणसं, आणि बेचाळीस मराठी खुर्च्या भिंतीला टेकून एका रांगेत, जशा काही जन्मल्यापासून तिथेच होत्या.

मौनं सुरुवात हळू केली. टिपणीस लांबून तिच्याकडे बघत होते. ती माणसांच्या तोंडाकडे बघतच नव्हती, खुर्च्यांखालच्या पायांकडे बघत होती. कुठली टाच हलतेय, कुठला अंगठा ताल धरतोय. अर्णवच्या पिशीची, म्हणजे आत्याची, चप्पल हलायला लागली तशी मौनं गाणं बदललं, आणि सत्तरीची पिशी उठली. पिशी उठली म्हणून तिच्या सुना उठल्या, सुना उठल्या म्हणून मुलगे उठले. आठ वाजेपर्यंत मधली जागा अशी भरली की वाढप्यांना भिंतीच्या कडेनं जावं लागत होतं. नूपुर मध्यभागी, घामानं केस कपाळाला चिकटलेले, हातातला हिरवा चुडा खळखळतोय. मराठी रांगेतले आठ-दहा जण, गुडघेवाल्यांपैकीही एक, कधी उठून त्यात मिसळले ते कळलंसुद्धा नाही. बाई कामाची आहे, टिपणीसांच्या मनात आलं, आणि त्या एकतीस गुणांची त्यांना लाज वाटली.

साडेआठला तिनं आवाज उतरवत उतरवत बंद केला.

आधी सगळ्यांना वाटलं दुसरं गाणं लागतंय. लोक हात वर करून थांबले. मग हात खाली आले. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला, मागून स्वयंपाकघरातल्या झाऱ्यांचा. कुणीतरी वीज गेली का विचारलं, पण दिवे तर चालू होते. एक मिनिट झालं. अर्णवचे एक काका जेवणाच्या दिशेला सरकले. दोन मिनिटं झाली. श्यामरावांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि त्यातून चार पानी कागद बाहेर आला. उषाताईंनी त्यांच्या कोटाची शेपटी धरून त्यांना खाली बसवलं.

टिपणीस घड्याळाकडे बघत होते. भोवती दोनशे साठ माणसं, मधोमध आपली पोरगी, आणि तिच्याजवळ काढण्यासारखं काही नाही. ते आपणच दिलं नाही तर ती आणील कुठून? ही शांतता आपण मागून घेतली आणि तिला त्यात एकटी उभी केली. तीन मिनिटं झाली.

मराठी रांगेत मंडळाच्या रजनीताई बसल्या होत्या. दिवसभर कुणीही नूपुरला नाव घ्यायचा आग्रह केला नव्हता. उषाताईंनीच सगळ्यांना बजावलं होतं की तिला उखाणा येत नाही, चारचौघांत तिची फजिती करू नका. पण समोर शालू नेसलेली नवरी उभी, बाजूला नवरा, आणि सगळीकडे चिडीचूप. अशा वेळी गप्प बसायचं म्हणजे रजनीताईंच्या जिवावर आलं. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "नूपुर, नाव घे गं."

झालं. बाकीच्या बायकांना तेवढंच हवं होतं. नाव घे, नाव घे, सगळ्या रांगेनं धरलं. बागचींच्या बायका काय चाललंय म्हणून माना वळवून बघायला लागल्या. नूपुर हसली, मग लाजली, मग मान हलवून तिनं हातानंच नाही म्हणून सांगितलं. रांगेतला आवाज विरला. परत शांतता, आणि ही आधीपेक्षा वाईट. आता सगळे तिच्याचकडे बघत होते.

टिपणीसांना ते बघवेना. पुठ्ठ्यावरची सही गेली खड्ड्यात. त्यांनी मौच्या टेबलाची वाट धरली. आधी चालत, मग भरभर, मग हात पुढे करून जवळजवळ धावतच. गाणं लावा, कुठलंही लावा, पोरीला सोडवा एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मौनं त्यांना येताना पाहिलं आणि दोन्ही हात यंत्रावर आडवे ठेवले.

तेवढ्यात मागून नूपुरचा आवाज आला. अडखळत, बंगाली हेल काढत, शाळेतल्या मुलीनं पाठांतर म्हणावं तसा.

"हावड्याच्या पुलाला नदीत नाही खांब,
अर्णवचं नाव घेते, बाबा, जरा थांब."

टिपणीस जिथे होते तिथे थांबले.

मराठी रांग उठून उभी राहिली. रजनीताई काय करत होत्या, श्यामराव काय म्हणत होते, टिपणीसांना काही दिसलं नाही. त्यांनी वळून बघितलं तेव्हा नूपुर त्यांच्याकडेच बघत होती, जीभ चावून, बरोबर आलं का असं विचारत असल्यासारखी. त्यांनी मान डोलावली. बरोबर होतं. शंभरपैकी किती, ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.

अर्णवची आई त्यांच्या शेजारीच उभी होती. सगळे मराठी लोक एवढे का ओरडतायत, तिला कळेना. तिनं बंगालीत विचारलं, काय म्हणाली हो ती?

टिपणीसांना बंगाली चांगलं येत होतं. सव्वीस वर्षं ते बाजारात, ऑफिसात, दवाखान्यात तेच बोलत आले होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते मराठीच.

"पुलाबद्दल बोलली," ते म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.